शाळा सोडल्याचा दाखला

'दाखला' या शब्दाचे दोन अर्थ मराठी ख्रिस्ती माणसाच्या कानाला एकदमच ऐकू येतात. पहिला अर्थ सर्वांच्याच परिचयाचा आहे. शाळेच्या कार्यालयातून शिक्का मारून मिळणारा, पुढे आयुष्यभर जपून ठेवावा लागणारा तो कागद. दुसरा अर्थ बायबलच्या मराठी भाषांतरांनी रुळवला. येशूने लोकांना सांगितलेल्या लहान लहान कथांना तेथे दाखले म्हटले आहे. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला, उधळ्या पुत्राचा दाखला. एक दाखला सिद्ध करतो, दुसरा विचारात पाडतो. दहावीची परीक्षा देऊन ख्रिस्ती शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हाती यांपैकी नेमका कोणता दाखला पडतो, हा प्रश्न आम्हांला बरेच दिवस छळत आला आहे. तो केवळ ख्रिस्ती समाजाचा घरगुती प्रश्न नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा, आत्मचरित्राचा आणि कादंबरीचा प्रारंभ ज्यांना अभ्यासायचा आहे, त्यांना तो टाळता येत नाही.

आधी त्या कागदाकडे पाहू. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर विद्यार्थ्याच्या नावाखाली धर्म आणि जात यांचा रकाना असतो. आणखी खाली, अभ्यासातील प्रगतीच्या शेजारी, वर्तणुकीचा रकाना असतो. पहिल्या रकान्यात 'ख्रिश्चन' असे लिहिलेले असते आणि दुसऱ्यात, अगदीच काही विपरीत घडलेले नसेल तर, 'चांगली' असे. दोन्ही नोंदी एकाच लेखनिकाने, एकाच शाईने केलेल्या असतात. परंतु या दोन रकान्यांमध्ये जे अंतर आहे, ते कापण्यात माणसाचे उभे आयुष्य जाते. श्रद्धा जगणे म्हणजे धर्माच्या रकान्यातील शब्दाने वर्तणुकीच्या रकान्याला उत्तर देणे, असे आम्हांला वाटते. आणि याचे प्रमाणपत्र कोणतीही शाळा देऊ शकत नाही, हे आमचे म्हणणे आहे.

शाळांना मात्र ते देता येते असे वाटत असते. निरोप समारंभातील भाषणे आठवावीत. व्यासपीठावर धर्मगुरू किंवा धर्मभगिनी असतात, प्रार्थनागीत होते, मेणबत्ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि मुलांना सांगितले जाते की, येथे मिळालेली श्रद्धेची ठेव सांभाळा. आमच्याही वेळी हेच झाले. आज मागे वळून पाहताना त्या 'ठेव' शब्दापाशी आम्ही अडखळतो. कारण ठेवीविषयीचा एक दाखला खुद्द शुभवर्तमानात आहे. परदेशी जाणारा धनी चाकरांना पैसे वाटून देतो. दोघे त्यावर व्यापार करून मूळ रक्कम दुप्पट करतात. तिसरा भिऊन जमिनीत खड्डा खणतो आणि धन पुरून ठेवतो. धनी परतल्यावर तो मूळ रक्कम जशीच्या तशी हजर करतो. तिच्यात एका पैचीही घट झालेली नसते. आणि दोष लागतो तो त्यालाच. निरोपाच्या भाषणांनी मुलांना या तिसऱ्या चाकराची वृत्ती शिकवावी, यातली विसंगती आमच्या शिक्षकांच्या ध्यानी आली नसेल काय?

ही विसंगती आणखी एका गोष्टीत होती. आठवड्यातील एका तासाला वर्गाचे दोन भाग होत. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जात, आणि वर्गात संख्येने अधिक असलेली इतर मुले नीतिशिक्षणाला बसत. या विभागणीला सबळ कारण आहे. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण देऊ नये, असे राज्यघटनेचा अठ्ठाविसावा अनुच्छेद सांगतो, आणि ते योग्यच आहे. तक्रार विभागणीबद्दल नाही. तिच्यामुळे नकळत रुजलेल्या समजुतीबद्दल आहे. धर्म एका खोलीत आणि नीती दुसऱ्या खोलीत असते, असे आम्ही शिकलो. एका खोलीत संस्कारांची नावे पाठ झाली, दुसऱ्या खोलीत प्रामाणिकपणाच्या गोष्टी. दाखल्यावरचे दोन रकाने म्हणजे या दोन खोल्याच होत.

मिशनच्या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे काय करतो, या प्रश्नाने मराठी समाजाला प्रथम हादरवले ते 1843 साली. मुंबईतील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयाला गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलगा अज्ञान असल्यामुळे त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. पुढे प्रश्न उभा राहिला तो, मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेता येईल की नाही, याचा. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. जांभेकरांच्या धैर्याविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु या सगळ्या वादात मिशनरी बोलले, न्यायाधीश बोलले, शास्त्री बोलले, वृत्तपत्रे बोलली. ज्याच्या श्रद्धेविषयी हे चालले होते, त्या मुलाचा शब्द मात्र कोठेच मोठ्याने ऐकू येत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्गशिक्षकाची, लेखनिकाची, मुख्याध्यापकाची सही असते, विद्यार्थ्याची नसते. त्याचे हे जणू पहिले उदाहरण.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1849 मध्ये, मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. नव्या शाळांतून इंग्रजी शिकलेले तरुण तिच्यात होते. जातिभेद मानायचा नाही, एका ईश्वराची प्रार्थना करायची, अशी तिची तत्त्वे. प्रवेश घेणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, हा तिचा प्रसिद्ध विधी. पण हे सारे गुप्तपणे. रात्री पाव खाणारे हे सभासद दिवसा आपापल्या जातीत सोवळेओवळे पाळीत राहिले. 1860 च्या सुमारास मंडळीची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटण्याची भीती पसरली आणि मंडळी विस्कटली. या तरुणांना हसणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. घरदार, वारसा, विवाह हे सर्व ज्या काळी जातीच्या हाती होते, त्या काळी रात्रीचे का होईना धैर्य दाखवणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्यापैकीच काहींनी पुढे 1867 मध्ये प्रार्थना समाज उभारला, हेही विसरता येत नाही. मात्र वर्तणूक आणि विश्वास यांना रात्र आणि दिवस वाटून दिले की दोन्ही दुबळे होतात, एवढे या मंडळीच्या इतिहासावरून कळते.

या मंडळीच्या सहवासात वावरलेले बाबा पदमनजी वेगळ्या वाटेने गेले. 1831 साली बेळगावात कासार कुटुंबात जन्मलेले बाबा तेथील मिशनच्या शाळेत शिकले, पुढील शिक्षण त्यांनी मुंबईत घेतले, आणि 1854 मध्ये बेळगावातच उघडपणे बाप्तिस्मा घेतला. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट पाहावी. बाप्तिस्म्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 1857 मध्ये, त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून आपण तिची नोंद करतो आणि पुढे जातो. 'अरुणोदय' या त्यांच्या आत्मचरित्राची नोंद मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत करतो आणि पुढे जातो. परंतु नव्या श्रद्धेचा हा माणूस लेखणी उचलतो तेव्हा सर्वांत आधी कोणाकडे पाहतो? हिंदू विधवांकडे. ज्या समाजाने त्याला बाहेर टाकले, त्याच समाजातील सर्वांत मुक्या माणसांकडे. कादंबरीत प्रचार आहे, रचनेत ढिलेपणा आहे, हे आक्षेप खरे आहेत. तरीही बेळगावच्या शाळेत मिळालेले पैसे या विद्यार्थ्याने पुरून ठेवले नाहीत, व्यापाराला लावले, असेच आम्ही म्हणू.

याच काळात पुण्यात आणखी एक विद्यार्थी स्कॉटिश मिशनच्या शाळेतून बाहेर पडला. जोतीराव फुले तेथे 1841 ते 1847 या काळात शिकले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. शाळा संपता संपता त्यांनी वाचला तो थॉमस पेन, म्हणजे चर्चच्या अधिकाराला सुरुंग लावणारा लेखक. मिशनच्या हिशेबाने हा विद्यार्थी हातचा गेलाच म्हणायचा. पण शाळा सोडल्यावर वर्षभरात, 1848 मध्ये, त्याने मुलींसाठी शाळा काढली. तिची प्रेरणा आपल्याला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून मिळाली, हे त्याने मोकळेपणाने सांगितले. त्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये छापला तो मिशनच्याच 'ज्ञानोदया'ने. आणि अखेरच्या काळात लिहिलेल्या, मृत्यूनंतर 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त जोतीरावांनी एका घराची कल्पना मांडली. त्या घरात बाई बौद्ध होऊ शकते, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. आणि सर्वांनी परस्परांवर प्रेम करीत एका छपराखाली राहावे. आमच्या वर्गातील त्या दोन खोल्या आठवल्या की, मधली भिंत पाडून बांधलेले हे घर आम्हांला फार मोठे वाटते.

येथे आमचे ख्रिस्ती वाचक थांबवतील. मग श्रद्धेचे काय? वर्तणूक चांगली असली की धर्माचा रकाना कोरा राहिला तरी चालेल, असेच तुम्हांला म्हणायचे आहे काय? नाही. जोतीरावांना आम्ही चोरून ख्रिस्ती ठरवू इच्छीत नाही. तो त्यांच्यावर अन्याय होईल. पदमनजींना दुबळे फुले ठरवणे हाही अन्यायच. दोघांनी दोन वेगळी उत्तरे दिली. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे की, दोघांनी आपापले उत्तर स्वतः दिले, उजेडात दिले, आणि त्याची किंमत मोजली. शाळेने शिकवलेले उत्तर त्यांनी पाठ म्हणून दाखवले नाही. विश्वास ही ज्याची स्वतःची कृती आहे, तोच ती जगू शकतो. दुसऱ्याने भरलेला रकाना जगता येत नाही.

ज्यांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, त्यांच्याकडे वळल्यावर हे अधिक स्पष्ट होते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागून लगेच गेल्या नाहीत. त्या सोवळ्यात राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि पाच वर्षांनी स्वतःच्या पायांनी गेल्या. 'स्मृतिचित्रे' वाचणारा प्रत्येक जण जाणतो की, त्यांच्या बाबतीत विटाळाची भावना आधी गळून पडली आणि बाप्तिस्मा मागून आला. माणसाच्या हातचे पाणी माणसाला चालते, हे त्यांना कोणत्याही धर्मशिक्षणाच्या तासाने शिकवले नाही. स्वतःशीच झगडून त्या तेथवर आल्या. वर्तणुकीचा रकाना त्यांनी आधी भरला आणि धर्माचा नंतर. म्हणूनच त्यांच्या गद्यात उपदेशाचा लवलेश नाही. त्यांचा विश्वास स्वयंपाकघरातील मराठीत बोलतो. टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले. शाळेचा दाखला नसलेल्या बाईने सुशिक्षित कवीचे काव्य पुरे करावे, हा मराठी वाङ्मयातील एक मोठाच दाखला आहे, आणि येथे तो शब्द आम्ही बायबलच्या अर्थाने वापरीत आहोत.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुढे नेऊ. मिशनच्या छापखान्यांनी एक विशिष्ट मराठी घडवली. तिला आपण गमतीने पाद्री मराठी म्हणतो. ती उसनी होती. तिच्या वाक्यांच्या पाठीमागे इंग्रजी वाक्ये उभी असत. टिळकांनी अभंग आणि ओवी जवळ केली ती केवळ अलंकारासाठी नव्हे. उसन्या भाषेत सांगितलेला विश्वास उसनाच राहतो, हे त्यांना उमगले होते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा होती. उतारवयात एका मोठ्या कवीने मिशनकडूनही जणू शाळा सोडल्याचा दाखला घेतला. श्रद्धा सोडली नाही. सोडली ती संस्थेची सावली.

आजच्या ख्रिस्ती मुलांचा प्रश्न मात्र पदमनजींचा किंवा टिळकांचा नाही. त्यांना काही सोडून यायचे नसते. ती जन्मतःच आत असतात. वारसाहक्काने आलेली श्रद्धा स्वतःची करणे हे आमच्या मते धर्मांतराहून कठीण काम आहे, कारण ते केले नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. या कामाचे आपल्या काळातील उदाहरण म्हणून आम्ही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे पाहतो. वसईच्या ख्रिस्ती समाजात जन्मलेला, नंदाखालच्या ख्रिस्ती शाळेत मराठीतून शिकलेला हा विद्यार्थी धर्मगुरू झाला. येथपर्यंत अनपेक्षित काही नाही. चांगल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याने हेच करावे अशी शाळेची इच्छा असते. परंतु या धर्मगुरूने वसईतील जमीन, पाणी आणि झाडी बिल्डरांच्या लाटेतून वाचावी म्हणून हरित वसईच्या आंदोलनात उडी घेतली आणि धमक्या पत्करल्या. 'सुवार्ता' मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले आणि ते सर्वधर्मीय वाचकांसाठी खुले केले. 'सुबोध बायबल' लिहून त्यांनी धर्मग्रंथ पाद्री मराठीतून आजच्या मराठीत आणला. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्माच्या रकान्याकडे बोट दाखवून विरोध केला. त्यांचा वर्तणुकीचा रकाना वाचण्याची तसदी त्या मंडळींनी घेतली नव्हती. जुलै 2024 मध्ये फादर गेले. संमेलनाच्या निवडीचा वाद लोक विसरतील. वसईच्या विहिरींच्या पाण्याविषयी बोलणारा धर्मगुरू होता, हे विसरू नये.

या रकान्याविषयी एक कडू सत्यही सांगितले पाहिजे, नाहीतर आमचे सर्व विवेचन खाऊनपिऊन सुखी माणसांचे ठरेल. नगर, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या भागांत पूर्वास्पृश्य जातींतून ख्रिस्ती झालेली हजारो कुटुंबे आहेत. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. गावाने जात विसरलेली नाही आणि कायदा मात्र ती संपल्याचे धरून चालतो. अशा घरातील मुलाच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहायचे, हा प्रश्न आईबापांपुढे पहिलीच्या प्रवेशापासून उभा राहतो. कोणी 'ख्रिश्चन' लिहितो आणि सवलत गमावतो. कोणी 'हिंदू' लिहितो आणि रविवारी मंदिरात जाताना मान खाली घालतो. त्या मुलाला 'श्रद्धेची साक्ष दे' असे निरोपाच्या भाषणात सांगणाऱ्यांनी आधी या रकान्याचा न्याय मागावा. आणि चर्चमध्ये, लग्नाच्या बोलणीत, दफनभूमीत जात विचारणाऱ्यांनी तर साक्षीचे नावही काढू नये. त्यांचा धर्माचा रकाना भरलेला आहे. वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहावे?

म्हणून ख्रिस्ती शाळांना आमची विनंती आहे. निरोपाच्या दिवशी मुलांना ठेव सांभाळायला सांगू नका. त्यांना सांगा की, येथे जे मिळाले ते भांडवल आहे. ते बाजारात न्या, धोका पत्करा. त्यातून कोणी पदमनजी होईल, कोणी फुले होईल. दुसरा झाला तर शाळा हरली असे मानू नका. आणि त्यांना मराठीत प्रार्थना करता येते का, हेही एकदा तपासा. मराठी माध्यमाच्या ख्रिस्ती शाळांचे वर्ग रोडावत असताना, लॅटिन गेल्यावर मराठीत आलेली उपासना पुढच्या पिढीला पुन्हा परकी होण्याचा धोका खरा आहे.

वाङ्मयाच्या अध्यापकांनाही काही सांगायचे आहे. 'यमुनापर्यटन' पहिली कादंबरी म्हणून आणि 'स्मृतिचित्रे' विनोदी, प्रांजळ आत्मकथन म्हणून शिकवून आपण थांबतो. त्यांतील विश्वासाचा झगडा आपण एका संप्रदायाची बाब समजून बाजूला ठेवतो. म्हणजे पुन्हा त्या दोन खोल्याच करतो. माणसाने आपल्या सर्वांत खोल निष्ठेचे आचरण कसे करावे, तिच्यासाठी शब्द कोठून आणावेत, हा या पुस्तकांचा विषय आहे. तो तुकोबांच्या अभंगांचाही विषय आहे. वर्गात हे दोन्ही शेजारी ठेवून वाचले, तर ख्रिस्ती विद्यार्थ्याला आपले पूर्वज सापडतील आणि इतरांना आपले शेजारी.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणखी एक रकाना असतो. शाळा सोडण्याचे कारण. तेथे लेखनिक सवयीने लिहितो, 'पुढील शिक्षणासाठी.' एवढ्या वर्षांनी तो कागद पुन्हा हाती घेतल्यावर आम्हांला वाटते की, त्या साऱ्या दाखल्यात सर्वांत खरी नोंद हीच होती.